कुसुम, तार तुटलेली आहे!

ऐकलंस का, कुसुम? तार तुटलेली आहे! शाळेच्या मागे टेलिफोनचा खांब आडवा पडलाय आणि त्याची तार चिखलात लोळतेय. आपल्या त्या कॉमिकच्या चित्रात चित्रकाराने ती काढलेली आहे. पहिल्यापासून काढलेली होती. आणि आपण दोघी, एक्स्चेंजमध्ये बसून अर्धा जन्म तारांचंच काम केलेल्या, आपल्यालाच ती दिसली नाही! काल दुपारी मी ते पान पाहिलं आणि अशी ओरडले की शेजारच्या काकू हातात लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, घरात साप निघाला. मी म्हटलं, "काकू, मी जिंकले!" त्यांनी विचारलं, "कोणाशी गं?" तेव्हा मला आठवलं, तुला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही.

जरा दम घेते.

तू गेल्यापासून लोक येतात, माझा हात हातात घेतात आणि "कुसुम फार गुणी होती" म्हणतात. गुणी! तुला कोणी तोंडावर गुणी म्हटलं असतं तर तू त्याची अशी फिरकी घेतली असतीस की पुन्हा त्याने कोणाला गुणी म्हटलं नसतं. मला त्यांच्याशी बोलता येत नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय आणि तेही याच विषयावर, कारण तू विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय.

दवाखान्यात खिडकीजवळची खाट होती तुझी. काविळीने डोळे झेंडूसारखे पिवळे झाले होते. मी मोसंबी सोलत होते. तू माझा हात धरून मला थांबवलंस आणि म्हणालीस, "मंगले, भांडण जरा बाजूले ठेव. एकडाव खरं सांग मले. ते पुस्तक चांगलं आहे काय?" इतकी वर्षं आपण त्यावर भांडलो, पण असं तू कधी विचारलं नव्हतंस. नेहमी वकिलासारखी विचारायचीस, त्या दिवशी साधं विचारलंस. माझ्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही, दोन होती, आणि दोन्ही खरी वाटत होती. मी म्हटलं, "उद्या सांगते." मनात म्हटलं, उत्तर अडवून ठेवलं तर हिला उद्यापर्यंत थांबावंच लागेल. भांडण अर्धवट टाकून उठणं तुझ्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून मी आले तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

म्हणून आज सांगते. पण सगळं पहिल्यापासून सांगणार. तुला तोंडपाठ आहे, तरी ऐकून घ्यायचं. काकूंसारखं कोणी मधेच आलं तर त्यांनाही कळलं पाहिजे, की बाई लाटण्याने मारण्याइतकी वेडी झालेली नाही.

ते कॉमिक माझ्या भावाने स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणलं. हिंदीतली वज्रदूतची मालिका. हा वज्रदूत दिवसा घड्याळं दुरुस्त करतो आणि संकट आलं की निळी शाल पांघरून आकाशात उडतो. तू पहिल्याच दिवशी विचारलं होतंस, "मे महिन्यात बी शाल?" त्यातला 'टूटा बाँध' हा अंक सगळ्यांहून वेगळा होता. धरणाला भेग पडते. वज्रदूतला ती संध्याकाळी दिसते. पहाटे धरण फुटतं. एकीकडे रेल्वेचा पूल आणि त्यावर माणसांनी खच्चून भरलेली गाडी, दुसरीकडे धरणाखालचं गाव. दोन्ही त्याला वाचवता येत नाहीत. तो पूल धरतो आणि गाव वाहून जातं. शेवटच्या पानावर एक शब्दही नाही. बुडालेल्या शाळेच्या कौलांवर वज्रदूत बसलाय, ओली शाल मांडीवर घेऊन.

काय गाजलं होतं ते! सीताबर्डीच्या चहाच्या टपऱ्यांवर कॉलेजची पोरं त्यावर हमरीतुमरीवर यायची. एका पेपरच्या रविवार पुरवणीत कोणी विद्वानाने लिहिलं, की आजवर हे वीर जिंकत आले, हा पहिला हरणारा वीर, आणि म्हणून हे कॉमिक नव्हे, साहित्य आहे. ते कात्रण मी पर्समध्ये घेऊन फिरायची. शेवटचं पान पाहून मी ढसाढसा रडले होते आणि मोठ्या भक्तिभावाने तुला तसं सांगितलं. तू डबा उघडत म्हणालीस, "रडू येते म्हणून चांगलं असन, तं पयलं बक्षीस कांद्याले द्या लागते."

बस, तिथून जुंपली आपली.

तुझं पहिलं म्हणणं असं. "त्या गावातल्या एका माणसाचं नाव सांग मले." मी पानं उलटली. कोणाला नाव नव्हतं. "एका बाईनं तरी तोंड उघडलं काय?" तेही नाही. सगळे आपले हात वर करून उभे. "पुरात असे उभे राहतेत काय लोकं? बकऱ्या सोडतेत, पोट्टे खांद्यावर घेतेत, एकमेकाले शिव्या देतेत. हे तं फोटो काढाले उभे केल्यावानी दिसून राहिले."

आणि दुसरं म्हणणं अगदी आपल्या खात्यातलं. "भेग संध्याकायी दिसली नं? धरण फुटलं पहाटे. मंग मधात हा काय करून राहिला होता?"

"विचार करत होता," मी म्हणायची. "त्याच्या मनातली घालमेल दाखवलीय ती."

"अर्धं पुस्तक घालमेल! फोन काहून नाही केला? धरणावर फोन असते, गावच्या पोस्टात फोन असते. एक कॉल लावला असता तं अख्खं गाव टेकडीवर जाऊन बसलं असतं. तुह्या वज्रदूताले उडता येते, पण नंबर मांगता येत नाही!"

"अगं, असा फोन केला असता तर गोष्ट उरली असती का?"

"नोको उरू गोष्ट. गाव उरलं पाहिजे."

तरी मी वज्रदूतची बाजू सोडली नाही. महाल वस्तीतल्या आमच्या घरी काही संकट आलं की आई देवापुढे जाऊन बसायची आणि वरून कोणीतरी धावून येणार याची आम्हा सगळ्यांना खात्रीच असायची. मला ते उडत येणं मनापासून आवडायचं. तुझ्या घरचं वळण निराळं. तू अगदी लहान असताना तुझ्या बाबांनी मिलमधून सुट्टी घेऊन तुला खांद्यावर बसवून धम्मदीक्षेच्या मैदानावर नेलं होतं. त्यातलं तुला एवढंच आठवायचं, की जिकडेतिकडे पांढरे कपडे आणि चालणाऱ्या पायांची धूळ. "आभायातून कोणी नाही आलं वं," तू म्हणायचीस. "सारे पायी आले." तेव्हा शाल पांघरून उडणाऱ्याचं तुला काय अप्रूप असणार? मला मात्र होतं. अजूनही आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

डबा खाताना पुरावा म्हणून ते कॉमिक मधे उघडं असायचंच. एकदा बुडत्या गावाच्या त्या मोठ्या चित्रावर बोट आपटत तू म्हणालीस, "दाखव, इथं कोण बोलून राहिलं?" तुझ्या बोटाला जवसाची चटणी होती, चांगली तेल सुटलेली. बोट नेमकं शाळेच्या मागे उमटलं. मी किंचाळले. तू पदराचं टोक पाण्यात बुडवून डाग पुसायला गेलीस. तो हलका कागद, कच्ची शाई. डाग निघाला आणि त्याच्यासोबत चित्रही निघालं. शाळेमागचा तेवढा कोपरा पांढराफटक पडला. "बरं झालं," तू म्हणालीस. "थोडं तरी पाणी कमी झालं." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. हा पांढरा कोपरा लक्षात ठेव, मला पुढे लागणार आहे.

बोर्डवर बसून गप्पा मारायची बंदी होती आणि मॉनिटर बाई मागून फेऱ्या घालत असायच्या. म्हणून आपण ओठ न हलवता भांडायला शिकलो. ग्राहकाला लाइनवर थांबवायचं, पलीकडच्या गावची ऑपरेटर उचलेपर्यंत एक वाक्य टाकायचं. "हॅलो अमरावती... आणि शेवटच्या पानाचं काय गं मग? ... हॅलो, बोला, तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" असा सगळा मामला.

आणि एका दुपारी तुझ्या बोर्डवरची कळ पुढेच राहिली. कळ पुढे असली की आपलं बोलणं थेट ग्राहकाच्या कानात जातं, हे नव्याने लागलेल्या पोरीलाही माहीत असतं. पण तू रंगात आली होतीस. कळमेश्वरचे कोणी गृहस्थ अमरावतीच्या कॉलसाठी लाइनवर ताटकळत होते आणि तू मला सांगत होतीस, की वज्रदूत म्हणजे नुसता उडणारा रडतराव आहे. तेवढ्यात तुझ्या हेडफोनमधून असा खणखणीत आवाज आला की मलाही ऐकू आला.

"माफ करा बाई, पन हे काही मले पटलं नाही."

तुझा चेहरा काय झाला होता, कुसुम!

"म्या बी वाचलं थे," आवाज पुढे म्हणाला. "शेवटचं पान पाहून दुकान बंद करून घरी गेलो होतो म्या."

दुसरी कोणी असती तर तिने घाबरून कळ मागे ओढली असती. तू म्हणालीस, "मंग सांगा बरं, त्या गावात फोन होता का नव्हता?"

"थे... असन बी. पन बाई, माही अमरावती लागली काय?"

"अमरावती एंगेज आहे. तुम्ही फोनचं बोला."

अमरावती एंगेज नव्हती, कुसुम. मी शेजारीच बसले होते.

त्यानंतर ते आपले झाले. ग्राहकाचं नाव विचारायची आपली रीत नाही, म्हणून आपण त्यांना कळमेश्वरच म्हणायचो. तिथे त्यांचं विहिरीवरच्या मोटारपंपांचं दुकान होतं, एवढं कळलं होतं. कॉल बुक केला की आधी विचारायचे, "खटला कुठवर आला?" ते माझ्या बाजूचे होते. दोघांविरुद्ध एकटी म्हटल्यावर तुला आणखीच चेव चढायचा. मला त्या दुपारी इतक्या आवडायच्या की रजेचा अर्ज टाकायचं माझ्या जिवावर यायचं.

आणि मग ती दुपार आली.

पोळा होऊन गेला होता आणि पावसाने झड धरली होती. कळमेश्वरच्या पलीकडे एका तलावावरच्या ओव्हरसियरचा फोन तुझ्या बोर्डवर आला. "पाळीतून पानी पाझरून राहिलं बाई. खालच्या गावाले कसंबी करून सांगा." खालच्या गावात एकच फोन, पोस्टातला. तू लावलास. लाइन मेलेली. पुन्हा लावलास. मेलेलीच. कुठेतरी खांब पडला असणार. पोलिसांना कळवलं, तहसिलीत कळवलं. ते निघाले, पण त्यांची जीप भरल्या नाल्याच्या अलीकडेच अडकणार हे त्यांनाही माहीत होतं आणि आपल्यालाही.

मी माझ्या बोर्डवरून तुझ्याकडे पाहिलं. तू हातात लाइन जोडायची कॉर्ड धरून नुसती बसली होतीस. फार वेळ नाही. पण तुला अशी गप्प मी कधी पाहिली नव्हती आणि मला तुझी फार भीती वाटली.

मग तू कॉर्ड कळमेश्वरच्या लाइनीत खुपसलीस. "पंपवाल्याचं दुकान दे. अर्जंट." तिथल्या ऑपरेटरने काहीतरी विचारलं असावं. "अवं, दे नं लवकर!"

त्यांनी उचलला. तुझा आवाज ओळखून खुशीत म्हणाले, "अरे वा, वज्रदूतवाल्या बाई! आज सोताहून?"

"तुमच्यापाशी मोटरसायकल आहे काय?"

"आहे नं."

"मंग आता उडा."

आणि मग तू सांगितलंस, कुठे, काय, किती घाईने. नाल्याला वळसा घालून टेकडीच्या अंगाने पांदणवाट जाते, हे त्यांनीच तुला सांगितलं. फोन ठेवला तेव्हा तुझ्या बोर्डवर दिवेच दिवे लागले होते आणि मागे मॉनिटर बाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाईंनी शेजारची खुर्ची ओढली, हेडफोन चढवला आणि तुझे खोळंबलेले कॉल स्वतः घ्यायला लागल्या. तेवढ्यात मला म्हणाल्या, "तोंडाकडे काय बघतेस सगळ्यांच्या? पुढ्यातलं काम कर."

चहा आला, तो तसाच गार झाला. तू वरचेवर कळमेश्वरचं दुकान लावत होतीस. रिंग जायची आणि कोणी उचलायचं नाही. दिवेलागणीच्या सुमाराला तिकडूनच कॉल आला.

"बाई, सारे टेकडीवर आहेत, देवळापाशी. म्या निघालो अन् मांगं पाळ फुटली. घरं गेली बाई, पन मानसं सारी आहेत."

मी रडायला लागले. मॉनिटर बाईंनी चष्मा काढून उगाचच पुसला. तू मात्र रडली नाहीस. तू म्हणालीस, "नावं सांगा."

"काय?"

"कोण कोण निघालं, त्याइची नावं सांगा मले."

त्यांना वाटलं, हे काहीतरी सरकारी काम असेल. बिचारे आठवून आठवून सांगायला लागले. पोस्टमास्तर आणि त्यांची म्हातारी आई. शिवा लोहार. त्याची बायको विमल, "ते तं मलेच शिव्या देऊन राहिली होती का इतक्या उशिरा काहून आले." सखूबाई म्हैस घेतल्याशिवाय निघायला तयार नव्हती, मग तिघांनी मिळून म्हैस ढकलत वर नेली.

"म्हशीचं नाव काय?" तू विचारलंस.

मग ते हसायला लागले. "चांदी, बाई. चांदी म्हनते तिले."

तू डोळे मिटून ऐकत होतीस, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून. तुला तेवढ्या आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मलाही तसा आनंद पुन्हा झाला नाही. फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, "बाई, फोनचा मुद्दा मान्य." आणि वर, "पन कॉमिक चांगलंच आहे."

गंमत खरी पुढेच आहे. त्या दिवसानंतर तू मऊ पडायला लागलीस. एकदा डबा खाताना आपणहून म्हणालीस, "रिंग जाऊन राहिली अन् कोणी उचलत नाही, तवा माणूस विचारच करते वं. त्याची ते पानं काही अगदीच फुकट नाही." आणि मी? मी ताडकन म्हटलं, "विचार कसला करायचा? दुसरी लाइन घ्यायची!" तुला पाहिल्यावर मला तो कौलांवर बसलेला वज्रदूत सहन होईना. म्हणजे आपण भांडतच राहिलो, फक्त बाजू बदलून. एकदा मॉनिटर बाई म्हणाल्यासुद्धा, "अगं, मागच्या साली हीच वाक्यं ती दुसरी म्हणत होती ना?" आपण दोघींनी चक्क कानावर हात ठेवले. म्हणून तर दवाखान्यात तू तसं विचारलंस. तुलाही कळेना झालं होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली आणि खीर वाढायला घेतली, तेवढ्यात दारात एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ येऊन उभे राहिले. आमच्यात कोणी त्यांना ओळखेना. त्यांनी तुझ्या भावाला जय भीम केला आणि म्हणाले, "म्या कळमेश्वरहून आलो."

खिरीचं भांडं माझ्या हातातून पडायचं तेवढं राहिलं. तो आवाज! मी पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तोंड उघडलं मात्र, आणि ते म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या बाई. माह्या बाजूच्या." कुसुम, तुझ्या फोटोसमोर आम्ही दोघं हसायला लागलो. भरल्या घरात, सगळे पाहत असताना. थांबताच येईना. मग तुझा भाऊही हसला, त्याला काही कळलेलं नसताना. मग आम्ही तिघंही रडलो.

त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेलं पुस्तक होतं. 'टूटा बाँध' पुन्हा छापलंय म्हणे, जाड कागदावर, पुठ्ठ्याच्या बांधणीत, पुढे एका विद्वानाची लांबलचक प्रस्तावना. "बाईसाठी आनलं होतं," ते म्हणाले. "चिडवाले. एक्स्चेंजात द्याले गेलो तं तिथं कळलं, अन् घरचा पत्ता भेटला. आता एसटीडी आलं, नंबर आपोआप लागते. मधात कोणी भांडतच नाही." पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि खीर खाऊन गेले. या वेळीही आपण नाव विचारलं नाही.

बरेच दिवस मी ते उघडलंच नाही. काल दुपारी उघडलं. प्रस्तावनेत ही कलाकृती अमर असल्याचं लिहिलंय. मला उगाच राग आला. अमर! मग त्या गावाच्या चित्राशी आले. काय छपाई आहे, कुसुम! काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. आणि शाळेच्या मागे, आपल्या प्रतीत तुझ्या जवसाच्या चटणीने जिथे पांढरा कोपरा पडला होता, अगदी तिथे, आडवा पडलेला खांब आणि तुटलेली तार! खांबावर गवत माजलेलं, म्हणजे पुराच्या आधीच पडलेला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा डाग नव्हता, तरी मला ती दिसली नव्हती. मी वज्रदूतकडे पाहत होते. तू माणसं शोधत होतीस. कळमेश्वर पंपवाले, त्यांचं लक्ष पाण्याकडे असणार. टेलिफोनचा खांब पाहायला कोणी मोकळंच नव्हतं, आणि पुढे तर आपण तो धुऊनच टाकला. म्हणजे तुझा सगळ्यात मोठा मुद्दा खलास! फोन लागलाच नसता! चित्रकाराला ते माहीत होतं, त्याने एका रेघेत तुला आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. मी खोलीत नाचले, शब्दशः नाचले. काकूंना समजावून परत पाठवलं, तुझ्याशी बोलायला जमिनीवर बसले आणि मोठ्याने म्हटलं, "आता बोल!"

आणि तू बोललीस. तुझा तो डबा उघडतानाचा आवाज मला कानात स्पष्ट ऐकू आला. "तार तुटली होती? बरं. मंग? आपली बी तुटलीच होती वं."

हसले, रडले, आणि मग मला माझं उत्तर सापडलं. तेच आता सांगते.

चांगलं आहे ते पुस्तक, कुसुम. त्याचं नाव झालं ते उगाच नाही. कोणाचं लक्ष जाणार नाही अशा कोपऱ्यात ज्याने ती तार काढली, त्याने मन लावून काम केलंय, आणि शेवटचं पान पाहून मला काल पुन्हा रडू आलं. कांदा नव्हता घरात. पण त्याची गोष्ट तार तुटली तिथे संपते आणि तुझी तिथून सुरू झाली. तू हातात कॉर्ड धरून बसली होतीस तेवढा वेळच त्याने पाहिलाय, पुढचं त्याला माहीतच नाही. ते मला माहीत आहे, कारण मी शेजारी बसले होते. मला तुझा फार अभिमान वाटला होता त्या दिवशी आणि मी तुला तो कधी सांगितला नाही. सांगितला असता तर तू म्हणाली असतीस, "चाल, बोर्ड पाहा." ज्यांना त्या पुस्तकाला अमर म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. फक्त त्यांनी एकदा म्हशीचं नाव विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे काही तुला पटणार नाही. निम्मं पटेल आणि उरलेल्या निम्म्यावर तू आणखी दहा वर्षं काढशील.

उद्या माझी दुपारची ड्यूटी आहे. बोर्डं कमी केल्यापासून दुपारी फारसे कॉल नसतात आणि तुझी खुर्ची अजून तिथेच आहे. मी हे सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा मोठ्याने बोलणार आहे, कळ पुढे ठेवून. मॉनिटर बाई रागावल्या तर रागावू देत. आणि मधेच लाइनवर कोणी म्हणालं, "हे काही मले पटलं नाही वं," तर मी सरळ सांगणार आहे, की अमरावती एंगेज आहे, तुम्ही बोला.